पुतणीला आंतरराष्ट्रीय कायद्यात करिअर करायचंय. कोल्हापुरातून हेगचा रस्ता कुठनं जातो?

शिरोळकर_काका :
नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी पुतणी माझ्याकडं राजारामपुरीत राहून लॉ करते. पाच वर्षांच्या कोर्सचं चौथं वर्ष. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, शिरोळ तालुक्यात शेती करतात. चार एकर ऊस, दोन म्हशी, आणि २०१९ ला अन् २०२१ ला असं दोनदा घरात आलेलं पाणी. दादांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं: पोरगी काळा कोट घालणार, जयसिंगपूरला नाहीतर कोल्हापूरला उभी राहणार. ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा तर त्यांनी गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

दिवाळीत पोरगी म्हणाली, मला कोर्टात वकिली करायची नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम, मग संशोधन, शिकवणं, आणि जमलं तर परराष्ट्र मंत्रालयात किंवा बाहेर कुठं कायदा सल्लागार. दादांनी फराळाचं ताट बाजूला सारलं आणि एकच विचारलं, "ह्यात अशील कोण?" ती म्हणाली, "देश." दादा म्हणाले, "देश फी वेळेवर देतो काय?"

त्यानंतर घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. मी मधे सापडलोय. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. हा माणूस दिवसभर नेमकं करतो काय? पोटाला मिळतं का? आणि इथनं निघून नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत कोणी पोचतं का? जाणकारांनी सांगा.

तांबडा_पांढरा :
काका, रस्ता सोपा हाय. दाभोळकर कॉर्नरला डावं वळा, सरळ हेग. टोल आधीच बंद केलाय आपण.

पुढची_तारीख :
काका, मी जिल्हा कोर्टात बावीस वर्षं काढली. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

बेंचसाठी ह्या जिल्ह्यातल्या वकिलांनी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली. कामकाज बंद ठेवलं, मोर्चे काढले, आमच्या सीनियरांच्या हयाती त्यात गेल्या. १७ ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा सीपीआर दवाखान्यासमोरच्या त्या जुन्या इमारतीपुढं म्हातारे वकील रडताना मी डोळ्यांनी बघितलेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचं काम आता दारात आलंय. चांगलं ड्राफ्टिंग येणारी मुलगी आज पाच वर्षांत उभी राहील. अशा वेळी पोरगी म्हणते मी हेगला जाते! विहिरीला पाणी लागलं आणि मालक गाव सोडून चालला, असं झालं हे.

दुसरं, तिकडं ज्या मोठ्या केसेस चालतात त्या ठरलेली पन्नास-शंभर माणसंच लढवतात. बाकीचे पेपर लिहितात आणि एकमेकांचे वाचतात.

रंकाळा१९८२ :
मूळ प्रश्नच विचारतो. आंतरराष्ट्रीय कायदा हा कायदा आहे का? मार्च २०२२ मध्ये हेगच्या कोर्टानं रशियाला युक्रेनमधली लष्करी कारवाई थांबवायचा आदेश दिला. थांबली? ज्या कायद्याला फौजदार नाही तो कायदा नाही, सुविचार आहे. शाळेच्या भिंतीवर लिहितात तसला.

साधी_अनघा :
कुलभूषण जाधवांची केस विसरलात का? हरीश साळवे आपला मराठी माणूस, एक रुपया फी घेतली आणि जाधवांना सोडवलं!

तांबडा_पांढरा :
एक रुपया? दादांना हे सांगू नका काका, पोरीचं शिक्षण आजच बंद हुईल.

मसुदा_सातवा :
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी मूळची कागलची. दिल्लीत एका मंत्रालयात काही वर्षं लीगल ऑफिसर होते, आता दुसऱ्या राज्यात शिकवते. त्यामुळं काकांच्या प्रश्नाला थोडं तरी उत्तर देऊ शकेन.

आधी @साधी_अनघा, सोडवलं नाही हो. १७ जुलै २०१९ चा निकाल १५ विरुद्ध १ असा आपल्या बाजूनं लागला, पण काय मिळालं ते बघा. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ म्हणतं की परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलू द्यायचं. पाकिस्ताननं ते मोडलं, असं कोर्ट म्हणालं आणि शिक्षेचा पुनर्विचार करा, तोवर फाशी नको, असं सांगितलं. सुटका करा ही आपली मागणी मान्य झाली नाही. जाधव अजून तिथंच आहेत. पण जिवंत आहेत, आणि तेही त्या निकालामुळं. ह्या क्षेत्रातलं यश बहुतेक वेळा असंच असतं, अर्ध्या भाकरीचं. ज्याला पूर्ण भाकरी पाहिजे त्यानं इकडं येऊ नये.

आणि ती केस साळवेंनी एकट्यानं नाही लढवली. ते उभं राहून बोलले आणि उत्तम बोलले. त्यांच्या मागं परराष्ट्र मंत्रालयाचा 'लीगल अँड ट्रीटीज डिव्हिजन', म्हणजे कायदा आणि करारांचा विभाग, होता. हा विभाग १९५७ पासून आहे. काकांची पुतणी ज्याबद्दल बोलते ती खुर्ची तिथली.

आता तिथं दिवसभर काय करतात? कल्पना करा की दोन देशांमध्ये कैद्यांच्या हस्तांतराचा करार होतोय. त्यांच्या तुरुंगातला आपला माणूस उरलेली शिक्षा इथं भोगणार, आपल्या तुरुंगातला त्यांचा माणूस तिकडं. मसुदा येतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवतात. पहिल्या मसुद्यात निम्मा मजकूर कंसात. मग दोन्हीकडची माणसं बसतात आणि एकेक कंस उडवतात. मी एकदा अडीच तास एका स्वल्पविरामावर बसले आहे. खोटं सांगत नाही. तो स्वल्पविराम राहिला असता तर कैद्याची संमती एका प्रकारच्या शिक्षेपुरतीच लागली असती, काढला तर सगळ्यांना. सातवा मसुदा होता तो. माझं इथलं नाव तिथनं आलं.

करार तीन भाषांत होतो: हिंदी, त्यांची भाषा, इंग्रजी. अर्थामध्ये फरक पडला तर इंग्रजी पाठ ग्राह्य, असं खाली लिहिलेलं असतं. म्हणून हिंदी पाठ कोणी मन लावून वाचत नाही. मी वाचायचे. एकदा सहीच्या आदल्या रात्री दोनला हिंदीत 'सकेगा' आणि 'करेगा' ची अदलाबदल सापडली. सगळ्यांनी मला शिव्या घातल्या आणि पानं परत छापली. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा फोटो आला, करार, लाल दोरी, लाख, हस्तांदोलन. मी फोटोच्या बाहेर, दाराशी, फायली धरून.

पोटाला मिळतं का? मिळतं. सरकारी पगार, वेळेवर. दादांना सांगा, देश फी वेळेवर देतो, फक्त महिन्याच्या महिन्याला देतो आणि बार रूममधल्या आकड्यांशी तुलना करायची नाही.

उस_आणि_मी :
'सकेगा' आणि 'करेगा' वर एवढा तमाशा? आमच्या कारखान्याच्या जाहीर सभेत 'देणार' आणि 'देऊ' वर चार वर्षं चाललंय.

मसुदा_सातवा :
@उस_आणि_मी, हसू नका, अगदी तेच आहे. पॅरिसचा हवामान करार, डिसेंबर २०१५. शेवटच्या मसुद्यात विकसित देशांबद्दलच्या वाक्यात 'शूड'च्या जागी 'शॅल' पडलं. म्हणजे 'करावे' च्या जागी 'करतील'. अमेरिका अडून बसली, कारण बंधन म्हटलं की त्यांना सिनेटकडं जावं लागलं असतं. शेवटी ती टंकलेखनाची चूक आहे असं म्हणत सभागृहात दुरुस्ती वाचून दाखवली आणि मग हातोडा पडला. पावणेदोनशेहून जास्त देश एका शब्दासाठी खोळंबले होते.

पुढची_तारीख :
मॅडम, तुम्ही छान लिहिता, पण एवढं शिकून दाराशी फायली धरून उभं राहायचं? आमच्यात निदान शिपाई पुकारा करतो तेव्हा नाव तरी घेतात.

मसुदा_सातवा :
वकीलसाहेब, नाव घेतात कधीकधी. डॉ. पेम्माराजू श्रीनिवास राव परराष्ट्र मंत्रालयात कायदा सल्लागार होते आणि त्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगावरही. ३४ जणांचा आयोग असतो तो. तिथं त्यांच्याकडं एक विषय होता: एका देशातल्या कामामुळं सीमेपलीकडं नुकसान झालं तर काय? आधी खबर द्यायची का, सल्लामसलत करायची का, भरपाई कोणाची? २००१ मध्ये त्यातली प्रतिबंधाची कलमं तयार झाली, २००६ मध्ये भरपाईची तत्त्वं. दोनदा पूर घरात आलेल्या शिरोळच्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागणार नाही.

डॉ. नीरू चढ्ढा ह्या त्याच विभागातल्या. बंगालच्या उपसागराच्या सागरी सीमेवरून बांगलादेशानं आपल्याला लवादापुढं नेलं तेव्हा त्या भारताच्या एजंट होत्या. पुढं २०१७ मध्ये हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणावर निवडून गेल्या, तिथल्या पहिल्या भारतीय महिला न्यायाधीश.

तांबडा_पांढरा :
एजंट?? आरटीओतल्यासारखं?

मसुदा_सातवा :
हो, हाच शब्द आहे. देशाच्या वतीनं खटल्याची सगळी जबाबदारी ज्याच्यावर तो एजंट. त्याची सही म्हणजे देशाची सही.

तांबडा_पांढरा :
आमच्या आरटीओतल्याची सही म्हंजे बी देशाचीच सही असती, बगा कवा.

शिरोळकर_काका :
मंडळी, वाचतोय. ती बांगलादेशची केस आपण जिंकलो का?

मसुदा_सातवा :
नाही म्हटलं तरी चालेल. ७ जुलै २०१४ चा निवाडा. वादातल्या साधारण २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले. आपण तो निवाडा मान्य केला. @रंकाळा१९८२, तुमच्या फौजदाराच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. आपल्यापेक्षा कितीतरी लहान शेजाऱ्याकडून आपण कागदावर हरलो आणि गपगुमान नकाशा बदलला. कोणाचा दट्ट्या नव्हता.

रंकाळा१९८२ :
चांगलं उदाहरण आहे. मान्य. पण मोठ्यानं लहानाचं ऐकलं ती त्याची मर्जी. सक्ती नव्हती, हेच तर मी म्हणतोय.

जिनिव्हातला_पाव्हणा :
इचलकरंजीचा आहे, नऊ वर्षं जिनिव्हात, संगणकाच्या कामात. कायद्याचं शिक्षण नाही, पण असल्या पोरापोरींना रोज ट्राममध्ये बघतो.

काका, एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिप बिनपगारी असते. खोलीचं भाडं, जेवण, विमा, सगळं आपल्या खिशातून, आणि गाव जगातल्या महागड्या गावांपैकी. त्यामुळं इथं येऊन सहा महिने 'अनुभव' घेणं ज्याला परवडतं त्याचाच पुढं नंबर लागतो. हुशारी नंतर मोजतात. चार एकरांच्या घरातनं हे झेपणार नाही, म्हणून शिष्यवृत्तीशिवाय पाऊल टाकू नका. जमीन गहाण ठेवून तर नाहीच नाही. हेगच्या अकादमीत उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांचे वर्ग असतात, न्यायालय जिथं बसतं त्या पीस पॅलेसच्या आवारातच, तिथंही शिष्यवृत्त्या आहेत. सुरुवात तिथनं करा.

आणि पोरीला फ्रेंच शिकवा. हेगच्या न्यायालयाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. नुसत्या इंग्रजीवर एका पायावर लंगडी घालत राहावं लागतं.

पुणेरी_पाटी :
फ्रेंच शिकायला पुण्यात यावं लागेल. सोय उत्तम आहे. वेळ १ ते ४ सोडून.

तांबडा_पांढरा :
पुण्यात आली म्हंजे आंतरराष्ट्रीय अनुभव झालाच की.

चपलेचा_अंगठा :
आमचं चपलेचं काम, आजोबांपासून. मला ह्या पोरीला एक विचारायचंय. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं आमच्यासारखी चप्पल दाखवली, नाव ना गाव. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. मग केस का झाली नाही? पेपरात वाचलं की जनहित याचिका मुंबई हायकोर्टानं फेटाळली. मग त्या जीआयच्या सर्टिफिकेटचं करायचं काय, फ्रेम?

मसुदा_सातवा :
फ्रेमपेक्षा थोडं जास्त, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. दोन अडचणी. एक, जीआय त्या त्या देशापुरतं असतं. भारतात नोंदवलं म्हणजे इटलीत लागू झालं असं नाही, तिथं वेगळी नोंद लागते. बऱ्याच देशांत एकदम नोंद करायची सोय लिस्बन करारात आहे, पण भारत त्यात नाही. दुसरी अडचण अशी की जीआय प्रामुख्यानं नावाला संरक्षण देतं. त्यांनी 'कोल्हापुरी' हे नाव घेतलंच नव्हतं. तुमची तक्रार नेमकी ती होती, की नाव घेतलं नाही, आणि कायद्यात त्यांच्या बाजूनं पडलं तेही तेच.

गंमत अशी की जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स ह्या बौद्धिक संपदेच्या करारात दारूला जादा संरक्षण आहे. कलम २३, वाईन आणि स्पिरिट. शॅम्पेनला एक न्याय आणि चपलेला, गुळाला दुसरा. भारतासह बरेच देश कित्येक वर्षं म्हणताहेत की हे सगळ्या वस्तूंना लागू करा. तो मसुदा कंसातच आहे.

चपलेचा_अंगठा :
म्हणजे चपलेवर दारू शिंपडून पाठवली असती तर?

सुरावट :
इटलीचं आणि आपलं जुनंच आहे म्हणा. १८७० मध्ये युरोपहून परत येताना आपले राजाराम महाराज फ्लॉरेन्सला वारले. तिथं नदीकाठी त्यांची छत्री आहे, संगमरवरी अर्धपुतळ्यासकट. महाराजांची छत्री फ्लॉरेन्सला, चप्पल मिलानला.

विषयाला धरूनही एक सांगतो, कारण कोल्हापूरचा आणि हेगचा संबंध बाबूजींपर्यंत जातो. सुधीर फडके जन्मले कोल्हापुरात, १९१९ साली. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवायला जे स्वयंसेवक गेले त्यांत ते होते. २ ऑगस्टला सिल्व्हासा पडलं. पोर्तुगाल गप्प बसलं नाही. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शिरलं आणि आठ दिवसांत हेगच्या न्यायालयात भारतावर दावा ठोकला, की आम्हाला दमणहून दादऱ्याला जायचा रस्त्याचा हक्क आहे.

पुढची_तारीख :
वहिवाटीचा दावा!! बांधावरच्या रस्त्याचा!

सुरावट :
अगदी. भारताकडून उभे राहिले महान्यायवादी सेटलवाड. आणि कोर्टात आपला न्यायाधीश नव्हता म्हणून तेवढ्या केसपुरता एक नेमायची मुभा असते, तिथं बसले मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला. १२ एप्रिल १९६० ला निकाल: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल न्यायचा हक्क होता, फौज आणि शस्त्रं न्यायचा नव्हता, आणि भारतानं काही मोडलेलं नाही.

पुढची_तारीख :
हा निकाल मला पाहिजे. कुठं मिळेल? माझ्याकडं राधानगरीच्या एका पक्षकाराची हुबेहूब अशीच वहिवाटीची केस आहे. गाडीरस्ता का पायवाट, एवढाच वाद. अकरावं वर्ष.

मसुदा_सातवा :
न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, वकीलसाहेब. 'राइट ऑफ पॅसेज' म्हणून शोधा. बघा, आलात की नाही आमच्या आळीत.

वळीवडे_स्टेशन :
मला कायद्यातलं कळत नाही, पण हा धागा वाचून आज्जी आठवली. आज्जी वळिवड्याची. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते ४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी आले, आज ज्याला आपण गांधीनगर म्हणतो. आज्जी म्हणायची, त्या बायका बाजारात बोटांनी भाव करायच्या आणि आपल्या बायकांपेक्षा चिवट करायच्या.

तर प्रश्न असा की त्यांना ठेवून घ्यायचं हे कुठल्या कायद्यानं ठरलं होतं?

मसुदा_सातवा :
तेव्हा तसा कायदाच नव्हता. निर्वासितांचा करार झाला १९५१ मध्ये, हे लोक निघून गेल्यावर. आणि भारतानं त्यावर आजतागायत सही केलेली नाही. १९६७ च्या त्याच्या जोडकरारावरही नाही. तरी तिबेटी आले, श्रीलंकेतले तमिळ आले. सही न करता पाळलेला आणि सही करून मोडलेला, ह्यातला कुठला कायदा खरा, ह्यावर मी दर वर्षी पोरांना पेपर लिहायला लावते. तुमच्या आज्जीची गोष्ट वापरू का वर्गात?

वळीवडे_स्टेशन :
वापरा की. बोटांच्या भावासकट.

उस_आणि_मी :
सगळं बरोबर आहे. चप्पल झाली, बाबूजी झाले. आमच्या उसाचा ह्या आंतरराष्ट्रीय कायद्याशी काय संबंध? दादा शेतकरी आहेत, त्यांना पटेल असं काहीतरी सांगा ना. हेगबिग त्यांना काय सांगताय.

जिनिव्हातला_पाव्हणा :
अरे, उसाचा तर सगळ्यात जास्त संबंध! मी राहतो तिथनं ट्रामनं थोड्या अंतरावर जागतिक व्यापार संघटनेची इमारत आहे, तळ्याकाठी. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला ह्या तिघांनी भारतावर तिथं केस केली. विषय काय? तुमची एफआरपी, उसाला सरकारनं बांधून दिलेला किमान भाव. मसुदाताई, तुम्ही नीट सांगा.

मसुदा_सातवा :
खरंय, मला आधीच सुचायला पाहिजे होतं.

शेतमालाला सरकार जो आधार देतं त्याला करारात मर्यादा आहे. आपल्यासाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के. तक्रार अशी की केंद्र सरकार एफआरपी ठरवतं, ती ह्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. भारताचं म्हणणं होतं की एफआरपी सरकार देतच नाही, साखर कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही, मग तो सरकारचा आधार कसा?

उस_आणि_मी :
थांबा थांबा. भारत सरकारनं जिनिव्हात जाऊन सांगितलं की एफआरपी कारखाने देतात?

मसुदा_सातवा :
हो.

उस_आणि_मी :
आम्हाला साक्षीला बोलवायला पाहिजे होतं. कारखाने पण वेळेवर देत नाहीत, म्हणजे आधार कोणाचाच नाही. केस तिथंच खलास.

तांबडा_पांढरा :
नाद खुळा!! ह्याला पाठवा रे जिनिव्हाला!

मसुदा_सातवा :
माझ्या वर्गात हा युक्तिवाद आजवर कोणी केला नव्हता. पण केस ऐकणाऱ्या तिथल्या पॅनेलनं मुद्दा वेगळा धरला. पैसा कोणाच्या खिशातून जातो हे महत्त्वाचं नाही, भाव सरकारनं बांधून दिला की आधार झाला. १४ डिसेंबर २०२१ चा अहवाल: २०१४-१५ ते २०१८-१९ ह्या पाचही हंगामांत भारतानं मर्यादा ओलांडली. निर्यात अनुदानावरही आपल्याविरुद्ध. जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं.

आणि आता खरी गंमत. अपील ऐकणारं मंडळच नाही! सात सदस्य असतात, तिघं तरी लागतात. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून कोरम नाही. अपील दाखल होतं आणि तसंच पडून राहतं. ते पडून आहे तोवर पॅनेलचा अहवाल लागू होत नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये जाहीर झाली ती त्यामुळं विनाअडथळा. हे सगळं लिहिणारी, जिनिव्हात बसलेली किंवा दिल्लीहून मसुदे पाठवणारी जी माणसं, ती म्हणजे काकांची पुतणी, आणखी दहा वर्षांनी. आणि त्या टेबलावर फड कधी बघितलेलं कोणी बसलंय असं मला फारसं दिसलं नाही. साखरेचा उतारा म्हणजे काय हे मी स्वतः सहकाऱ्यांना कागदावर ऊस काढून समजावलंय.

रंकाळा१९८२ :
अपील ऐकायला कोणी नाही म्हणून केस आपल्या फायद्याची! माझा सुविचाराचा मुद्दा मी मागे घेतो. ह्यात सुविचार कुठंच नाही.

पुढची_तारीख :
एक दुरुस्ती माझीपण. 'एकमेकांचे पेपर वाचतात' म्हणालो ते जरा जास्त झालं. पण बेंचचा मुद्दा सोडत नाही. काका, तिला एवढं सांगा की आधी दोन वर्षं इथं प्रॅक्टिस कर. साक्षीपुरावा, पक्षकाराचा राग, उलटतपासणी हे बघितल्याशिवाय गेलेला कायदेपंडित पोहायचं पुस्तक वाचून पंचगंगेत उतरल्यासारखा.

मसुदा_सातवा :
ह्यावर माझं आणि वकीलसाहेबांचं निम्मं एकमत. परराष्ट्र मंत्रालयातल्या लीगल ऑफिसरची जागा यूपीएससीतून भरतात, एलएलएम आणि कामाचा अनुभव विचारतात. जागा थोड्या, जाहिरात रोज येत नाही. त्यामुळं मधली वर्षं कुठंतरी काढावीच लागतात. मी शिकवण्यात काढली, ती कोर्टात काढली तरी बिघडत नाही. पण दोनच्या वर नको. तिसऱ्या वर्षी पक्षकार सोडत नाहीत.

आत्ता चौथ्या वर्षाला करण्यासारखं म्हणजे जेसप मूट. आंतरराष्ट्रीय कायद्याची जगातली सगळ्यात मोठी अभिरूप न्यायालय स्पर्धा. कॉलेजात संघ नसेल तर तिनंच चार पोरं गोळा करावीत. मग एलएलएमला दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, भगवान दास रोडला इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ आहे, १९५९ पासूनची, ग्रंथालय चांगलं. व्यापार कायद्यात जायचं असेल तर वाणिज्य मंत्रालयाच्या 'सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ' कडं बघावं. काका, मला व्यक्तिगत निरोप करा, तिचा नंबर इथं टाकू नका.

साधी_अनघा :
मुलगी आहे, एकटी दिल्लीत, परदेशात... घरच्यांची काळजी पण समजून घ्या ना कोणीतरी.

वळीवडे_स्टेशन :
अनघाताई, पोलंडहून वळिवड्याला त्या बायका एकट्याच आल्या होत्या की.

शिरोळकर_काका :
चार दिवस लिहिलं नाही, माफ करा. गावाकडं होतो, तोड चालू आहे.

पुतणीनं धागा वाचला. सगळा. तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगितलाय, उस_आणि_मी ह्यांना विशेष. काल रात्री फडातनं आल्यावर दादा पडवीत बसले होते, तिनं मोबाइलवर तो जिनिव्हाचा अहवाल काढला आणि दादांना मराठीत सांगायला लागली. इंग्रजीतलं वाक्य वाचायची, थांबायची, मग मराठी करायची. ते १० टक्क्यांच्या आतलं जे माफ असतं त्याला एक लॅटिन शब्द आहे म्हणे, 'डी मिनिमिस'. त्याला मराठी शब्द तिला मिळेना. दादा म्हणाले, "वजनकाट्यावर मोळीची, पाचटाची वजावट धरतात, तसलं काय?" ती म्हणाली, तसलंच, पण उलटं. मग दोघं तासभर त्याच्यावर.

शेवटी अपिलाचं सांगितलं. दादांनी विचारलं, "मग ते ऐकणार कोण?" ती म्हणाली, "सध्या कोणीच नाही." दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे तारीखबी पडत न्हाई?"

परवानगी मिळाली असं अजून कोणी म्हणालेलं नाही. पण सकाळी दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, फ्रेंचची शिकवणी कोल्हापुरात कुठं असती काय.

तांबडा_पांढरा :
'डी मिनिमिस'ला शब्द मिळाला. चिल्लर.

उस_आणि_मी :
चिल्लर नको. कडता.

मसुदा_सातवा :
कडता! पंधरा वर्षं शोधत होते.

पुढची_तारीख :
काका, तिला सोमवारी साडेदहाला बेंचला पाठवा. वहिवाटीच्या केसमध्ये तो हेगचा निकाल जोडायचाय, मला इंग्रजी टिपण पाहिजे. फी देणार. एक रुपया नाही.